विमानांना वाट दाखविणाऱ्यांची परीक्षा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला सांगितले की, तुम्ही यंदा शिक्षणावर बोला. शिक्षणावर बोलायला माझ्यापेक्षा शिकलेली माणसे या मांडवात बसलेली आहेत. मी सातवीनंतर रात्रशाळेत गेलो, पुढचे जे काही ते वाचनालयात बसून. म्हणून शिक्षण या मोठ्या विषयात मी शिरत नाही. एकच परीक्षा घेतो. माझ्या घरात ती दोनदा दिली गेली, एकदा हुकली, एकदा लागली, आणि हुकली त्यात माझा स्वतःचा हात होता. ते आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो.

परीक्षा आहे एअर ट्रॅफिक कंट्रोलरची. मराठीत आपण हवाई वाहतूक नियंत्रक म्हणू. विमानतळावर ती उंच काचेची खोली दिसते ना, तिच्यात बसणारी माणसे. पण सगळेच तिथे बसत नाहीत. पुष्कळजण खाली बंद खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसतात. विमान कधी सुटायचे, किती उंचीवर जायचे, कुठे वळायचे, कोणी आधी उतरायचे, हे वैमानिक आपल्या मनाने ठरवीत नाही. त्याला हा माणूस सांगतो. मुंबईत दिवसाला सुमारे नऊशे विमाने उतरतात आणि उडतात. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. आपल्या चाळीवरून विमान गेले की आपण बोलता बोलता थांबतो आणि आवाज गेला की परत बोलतो, पण तेवढ्यात त्याच्या मागचे आणि त्याच्याही मागचे कोणीतरी रांगेला लावून ठेवलेले असते.

हे काम केवढ्या जबाबदारीचे आहे, ते १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी देशाला समजले. दिल्लीहून सौदी अरेबियाचे विमान वर चढत होते आणि कझाकस्तानचे विमान दिल्लीकडे खाली येत होते. नियंत्रकाने एकाला १४ हजार फुटांवर आणि दुसऱ्याला १५ हजार फुटांवर राहायला सांगितले होते. हरियाणात चरखी दादरीच्या वर दोघांची टक्कर झाली. ३४९ माणसे गेली, एकही वाचला नाही. कझाकस्तानचे विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली उतरले होते, असे चौकशीत निघाले, आणि त्या विमानातल्या लोकांच्या कच्च्या इंग्रजीचाही विषय त्यात आला. मी तेव्हा गिरणीत बदलीवर होतो. दुसऱ्या दिवशी रिंग खात्यात तेच बोलणे. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकाच्या पडद्यावर विमान कुठे आहे एवढे दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. उंची वैमानिक तोंडाने सांगेल तीच. सगळा कारभार शब्दावर. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा या कामाचा विचार आला.

आता घरचे सांगतो. माझा धाकटा भाऊ गेल्यावर त्याची मुलगी आमच्याकडेच वाढली. बी.एस्सी. झाली, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. २०२२ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल, या पदाच्या ४०० जागांची जाहिरात आली. पोरगी म्हणाली, "काका, मी भरते." मी म्हणालो, भर. आमची गिरणी २०२० च्या लॉकडाऊनपासून थंडच होती, माझ्याकडे वेळच वेळ. मी ठरविले की, हिची तयारी आपण करून घ्यायची.

आणि तिथे मी चुकलो. कसा, ते ऐका.

मी वाचनालयात बसून या परीक्षेबद्दल मिळेल ते वाचले. युरोपात युरोकंट्रोल नावाची संस्था आहे, तिने या कामासाठी खास परीक्षा तयार केली आहे, तिला फीस्ट म्हणतात. अमेरिकेतही तिथल्या विमान खात्याची अशीच कल-चाचणी आहे. तिथे पुस्तकी प्रश्न कमी. पडद्यावर ठिपके फिरतात, प्रत्येकाला आकडा असतो. दोन ठिपके एकमेकांवर आदळणार असे दिसले की त्यातल्या एकाचा आकडा दाबून त्याला बाजूला काढायचे. ते चालू असतानाच बेरीज-वजाबाकी विचारतात. मागचा आकडा लक्षात ठेवून पुढच्याशी त्याचा फरक सांगायला लावतात. म्हणजे माणसाचे लक्ष किती ठिकाणी एकदम राहते, हे तपासतात.

हे वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कारण हे माझे काम होते. मी रिंग खात्यात सायडर. एका साच्याला चारशेच्या वर स्पिंडल, आणि साचे एकापेक्षा जास्त. कुठली तार कधी तुटेल सांगता येत नाही. नवा माणूस काय करतो, एक तार तुटली की तिथेच थांबतो, ती जोडतो, नीट बसली का बघत राहतो. तेवढ्यात पलीकडे दहा तुटलेल्या असतात. जुना सायडर चालत राहतो. चालता चालता जोडतो, नजर पुढच्या साच्यावर आणि कान मागच्यावर. मला वाटले, अरे, अमेरिकेत या गोष्टीची परीक्षा घेतात, आणि आम्हाला जॉबर शिव्या देऊन शिकवीत होता.

मग मी पोरीला धरले. रात्री जेवणे झाली की मी सहा आकडे बोलायचो, तिने उलटे म्हणायचे. तेवढ्यात काकीने कुकर लावलेला, तिने शिट्ट्या मोजायच्या. मध्येच मी पाढा विचारायचो. विमानाच्या बोलीत अक्षरांना नावे असतात, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, तीही पाठ केली. आकड्यांचे उच्चारसुद्धा वेगळे, रेडिओवर गोंधळ होऊ नये म्हणून. तीनला ट्री, पाचला फाईफ, नऊला नायनर. शेजारची पोरे माझ्यावर हसायची, "काका नायनर" असे माझे नाव पडले. काहीजण अजून म्हणतात, ते इथेच बसलेत.

पोरगी सांगत होती. म्हणत होती, "काका, हे आपल्या पेपरात नाही." मी म्हणायचो, "तुला काय कळतंय." आता खरे सांगतो, जाहिरात मी पूर्ण वाचलीच नव्हती. इंग्रजीत होती, बारीक अक्षरात होती, आणि पोरीसमोर अडखळत वाचायची मला लाज वाटत होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाची लाज ही.

आपल्याकडचा पेपर वेगळाच आहे. संगणकावर १२० प्रश्न, १२० गुण, दोन तास. त्यातले निम्मे, म्हणजे ६०, गणित आणि भौतिकशास्त्राचे, ३० आणि ३०. तेही बारावी ते पदवीच्या दर्जाचे. बाकीच्या ६० मध्ये इंग्रजी २०, बुद्धिमापन १५, अंकगणित वगैरे १५ आणि सामान्य ज्ञान १०. ठिपके नाहीत, शिट्ट्या नाहीत. मी जे महिने आकडे उलटे म्हणण्यात घालविले, त्यात तिचे कॅल्क्युलस तसेच राहिले.

दुसरी चूक याहून वाईट. माझ्या मेव्हण्याचा मुलगा एका दुसऱ्या सरकारी परीक्षेला बसला होता, तिथे चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. मी तेच धरून बसलो आणि पोरीला बजावून पाठविले, "खात्री नसेल तर हात लावू नको." या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जाहिरातीत तसे छापलेले होते. मी सांगितले म्हणून तिने तेवीस प्रश्न कोरे सोडले. तेवीस! डोळे मिटून खुणा केल्या असत्या, तरी चारातला एक या हिशोबाने पाच-सहा गुण पडले असते. निकालात ती थोडक्यात राहिली. तिने मला बोल लावला नाही. काकीने लावला, आणि बरोबर लावला.

२०२३ मध्ये पुन्हा ४९६ जागा निघाल्या. या वेळी मी आधी जाहिरात वाचली. शब्दकोश घेऊन, चार दिवस लागले. पोरीलाच विचारीत बसलो, याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय. लाज बाजूला ठेवली. मग आम्ही दोघांनी काम वाटून घेतले. अभ्यास तिचा, घड्याळ माझे. "काका, तुम्ही नुसतं घड्याळ धरून बसा, बोलू नका," असा तिचा हुकूम होता.

घड्याळाचे गणित असे की, १२० मिनिटांत १२० प्रश्न, म्हणजे एकाला एक मिनिट. पण गणिताचा प्रश्न मिनिटात सुटत नाही, दोन लागतात. ती वेळ कुठून आणायची? सामान्य ज्ञान आणि इंग्रजीतून. तिथे उत्तर माहीत असते किंवा नसते, विचार करून येत नाही. वीस सेकंदांत खूण करून पुढे. शेवटची पाच मिनिटे राखून ठेवायची आणि जे सुटले नाहीत त्यांना सुद्धा खूण करायची, एकही कोरा ठेवायचा नाही. हे अंगात मुरेपर्यंत तिने रोज पहाटे पाचला उठून आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत जुने पेपर सोडविले. उपनगरातल्या एका क्लासला आधीच्या वर्षी आम्ही पैसे भरले होते. तिथे या परीक्षेचे म्हणून बँकेच्या परीक्षेचे कागद वाटत होते, भौतिकशास्त्र शिकवायला माणूसच नव्हता. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. त्यापेक्षा तिच्या कॉलेजच्या वह्या आणि बारावीची पुस्तके यांचाच उपयोग झाला.

इथे मुलांना एक उदाहरण देतो, म्हणजे कळेल हे गणित कशासाठी लागते. विमानाचा वेग नॉट्समध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दोन विमाने समोरासमोर येत आहेत, प्रत्येकाचा वेग ४८० नॉट्स, दोघांत अंतर ४० सागरी मैल. भेटायला किती वेळ? दोघांचा वेग मिळून ९६०, म्हणजे मिनिटाला १६ मैल. चाळीस मैलांना अडीच मिनिटे. आपल्याला चाळीस मैल म्हणजे इथून पनवेलच्या पुढे वाटते, आणि तिथे चहा गार व्हायच्या आत टक्कर. म्हणून अशी दोन विमाने उंचीत किमान हजार फूट किंवा रडारवर साधारण पाच मैल लांब ठेवतात. विमानतळाजवळ तीन मैलही चालतात.

त्या वेळी ती लेखी पास झाली. पण लेखी पास म्हणजे नोकरी नव्हे. पुढे कागदपत्रे, आवाजाची चाचणी, अमली पदार्थांची तपासणी, वैद्यकीय तपासणी. अलीकडच्या जाहिरातींत मानसिक चाचणीही आहे. आवाजाच्या चाचणीत उतारा वाचायला देतात. तोतरेपणा आहे का, शब्द स्पष्ट येतात का, हे बघतात. आमची पोर भराभर बोलते, तुम्ही सगळ्यांनी ऐकलेय. तिच्याकडून मी रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचून घेतला. मला निम्मा कळत नव्हता, पण ती कुठे शब्द गिळते ते कळत होते. २००८ पासून जगभर नियम आहे की आंतरराष्ट्रीय उड्डाणांशी बोलणाऱ्या वैमानिकाला आणि नियंत्रकाला ठराविक पातळीचे इंग्रजी बोलता आलेच पाहिजे. गोऱ्या साहेबासारखे बोलायचे नाही. समोरच्याला पहिल्या वेळी कळेल असे बोलायचे. आपल्या मुलांनी उच्चाराचा न्यूनगंड धरू नये, हे मी मुद्दाम सांगतो.

वैद्यकीय तपासणीबद्दल एक दुःखाची गोष्ट. आपल्याच वस्तीतला एक हुशार मुलगा, नाव सांगत नाही, दोन वर्षे रात्रंदिवस अभ्यास करून लेखी पास झाला आणि डोळ्यांत अडकला. त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आयुष्यभर कळत नव्हता आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते, त्याच्या स्वतःच्याही नाही. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने १९१७ साली ठिपक्यांची चित्रे काढली, त्यात आकडा दिसतो का ते विचारतात. कोणत्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे ही पुस्तिका असते, दहा मिनिटांचे काम. ते आधी झाले असते तर त्या मुलाची दोन वर्षे दुसऱ्या कामी लागली असती. चष्म्याने घाबरू नका, ठराविक मर्यादेत चष्मा चालतो. पण रंग आणि कान आधी तपासून घ्या, फॉर्म भरण्याच्या आधी.

आता कागदाचे. आपण बौद्ध. १९९० साली कायदा बदलून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या नोकरीला दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. घरात आहे तो राज्याचा दाखला पेटीतून काढून नेला आणि झाले, असे होत नाही. पोरीच्या दाखल्यासाठी मी एका कार्यालयात पाच खेपा घातल्या. एकदा साहेब नाहीत, एकदा नमुना चुकला, एकदा नावातली वेलांटी. पाचव्या खेपेला मी तिथेच बाकावर डबा उघडून बसलो, तेव्हा सही झाली. म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका, दाखला आधी काढून ठेवा. वयाची मर्यादा २७ आहे, आपल्याला ५ वर्षांची सूट आहे. अर्जाची फी अनुसूचित जाती-जमातींना आणि सगळ्याच मुलींना माफ आहे, त्यामुळे फॉर्म भरून देतो म्हणून कोणी हजार रुपये मागितले तर देऊ नका.

आणि दहावीच्या पालकांनो, जरा लक्ष द्या. ही परीक्षा द्यायला बी.एस्सी. पाहिजे, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही असलेली, नाहीतर इंजिनिअरिंग. अकरावीला गणित सोडले की हे दार बंद. "पोरीला गणित कशाला" असे म्हणणारे आपल्यात अजून आहेत. माझ्या भावाने म्हटले नाही, म्हणून पुढचे सगळे झाले.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, गिरणीवाला आहे म्हणून. १९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत या नियंत्रकांनी संप केला होता. अध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ११ हजारांहून अधिक जणांना कामावरून काढून टाकले. पुढच्या जानेवारीत, १८ तारखेला, मुंबईत आमच्या वडिलांचा संप सुरू झाला. मी तेव्हा शाळेत होतो. घरी मीठ-भाकरी होती, तेव्हा मला कुठे ठाऊक की तिकडे पडद्यासमोर बसणारे पगारदारही त्याच वर्षी घरी बसले होते. हे मी पोरीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, अजून रुजू झाले नाही आणि तुम्ही युनियनवर आलात!"

ती रुजू झाली. प्रशिक्षण प्रयागराजला बमरौलीत होते. तिला गाडीत बसवून द्यायला आम्ही सगळे गेलो होतो, काकीने इतके लाडू दिले की पेटी उचलेना. तिथे खऱ्या विमानांच्या आधी खोट्या विमानांवर शिकवितात, सिम्युलेटर म्हणतात त्याला. दीड-दोन महिन्यांनी एका रात्री तिचा फोन आला. आवाज बसलेला. मी घाबरलो. म्हणाली, "काका, आज माझी दोन विमानं जवळ आली." मी म्हणालो, "खरी?" म्हणाली, "नाही हो, पडद्यावरची. पण खरी असती तर?" एका वैमानिकाचा उलटा निरोप तिला नीट ऐकू आला नव्हता. नियंत्रक जे सांगतो ते वैमानिकाने परत म्हणून दाखवायचे असते, आणि ते बरोबर म्हटले का हे नियंत्रकाने ऐकायचे असते. ती त्या एका विमानाशी बोलत राहिली, पुन्हा विचार, पुन्हा ऐक, आणि पलीकडची दोन एकाच उंचीवर एकमेकांकडे निघाली. शिकविणाऱ्यांनी पडदा थांबविला आणि विचारले, तुझी नजर कुठे होती?

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काका, एकाच साच्यापाशी थांबले."

मग थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. नंतर मी म्हणालो, "आकडे म्हणू का?" ती हसली. मी सहा आकडे म्हटले, तिने उलटे म्हटले, इकडे काकी विचारतेय, रात्री अकराला कोणाशी आकडे लावताय. त्यानंतर प्रशिक्षण संपेपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा आमचा हा कार्यक्रम फोनवर झाला. सध्या ती एका विमानतळावर मोठ्यांच्या हाताखाली काम शिकते आहे. कानाला लावायचे यंत्र तिचे, पण शेजारी जुना नियंत्रक बसलेला असतो, चूक झाली की तो बोलणे आपल्याकडे घेतो. स्वतंत्र बसायला अजून तपासण्या आहेत.

२०२५ साली या पदाच्या ३०९ जागा निघाल्या होत्या. आपल्या अभ्यासिकेतून तिघांनी फॉर्म भरले, त्यात दोन मुली. तिघांच्याही डोळ्यांची तपासणी मी आधी करून आणली, आणि तिघांनीही जाहिरात मला मोठ्याने वाचून दाखविली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांना वाटले काका त्यांची परीक्षा घेताहेत. घेत नव्हतो, मलाच ऐकायची होती.

पोरीने आपली पुस्तके, वह्या आणि जुने पेपर अभ्यासिकेला दिले आहेत. डाव्या कपाटात खालच्या फळीवर आहेत, किल्ली माझ्याकडे असते. सकाळी पाच ते आठ आणि रात्री जेवणानंतर मी तिथे असतो. दाखल्याचे काम असेल त्यांनी रविवारी जुना दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन यावे, आपण मिळून जाऊ, डबा मी आणीन.

जयभीम.